भाषेतून सूट : राष्ट्रीय धोरणे, अपंग विद्यार्थी आणि मराठवाड्यातला वर्ग

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियमाच्या सतराव्या कलमात शासनाने शिक्षणासाठी काय काय करावे याची यादी दिलेली आहे. त्या यादीच्या अखेरीकडे एक उपकलम येते : अपंग विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करावेत, उदाहरणार्थ परीक्षेत जादा वेळ द्यावा, लेखनिक द्यावा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेच्या अभ्यासक्रमातून सूट द्यावी. साहित्याचे शिक्षक सहसा कायद्याची पुस्तके उघडत नाहीत. पण हे उपकलम आपल्यासाठी आहे. जादा वेळ आणि लेखनिक या दोन सवलती विषयाला हात लावीत नाहीत. विषय तोच राहतो, त्याच्यापर्यंत जाण्याची वाट रुंद होते. तिसरी सवलत मात्र विषयच काढून घेते. गणितातून सूट असे या उदाहरणांत म्हटलेले नाही, इतिहासातून सूट असेही नाही. नाव घेतले आहे ते भाषेचे. ज्या कायद्याने समावेशाची व्याख्या केली, त्याच कायद्याला भाषा हे उतरवून ठेवण्याजोगे ओझे का वाटावे? या प्रश्नाचा माग मी औरंगाबादेतून, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरातून, काढणार आहे. दिल्लीत ठरलेले धोरण प्रत्यक्षात काय होते ते दिल्लीतून दिसत नाही, हे एक कारण. आणि या शहराला शाळा व भाषा यांच्या भांडणाचा जुना अनुभव आहे, हे दुसरे.

आधी शब्दांविषयी थोडे. १९९५ चा कायदा मराठीत 'अपंग व्यक्तीं'चा होता, २०१६ चा 'दिव्यांग व्यक्तीं'चा आहे. मधल्या काळात 'विकलांग' होते, सर्व शिक्षा अभियानाच्या कागदांत 'विशेष गरजा असणारी बालके' होती. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरील भाषणात 'दिव्यांग' शब्द वापरावा असे सुचवले आणि महाराष्ट्रात आयुक्तालयापासून शाळेच्या पाटीपर्यंत तो लागू झाला. या शब्दावर अपंगांच्या चळवळीतूनच आक्षेप आले आहेत. ज्याला शाळेत उतरण नाही त्याला दिव्यत्व बहाल करण्यात काय अर्थ, असा त्यांचा रोख असतो. मी त्या त्या काळासाठी त्या त्या काळचा शब्द वापरतो, आणि माझे स्वतःचे बोलताना 'अपंग' म्हणतो.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र शब्दांच्या या फेरबदलापेक्षा एक जुनी गोष्ट अधिक अस्वस्थ करील. आपल्या आद्य गद्यात, महानुभावांच्या दृष्टान्तपाठात, जन्मांध माणसे हत्ती चाचपतात आणि ज्याच्या हाती जे लागले तोच हत्ती असे समजतात. हा दृष्टान्त आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. नाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा असे सगळे येतात, आणि ही भारुडे ज्या पैठणची ते याच जिल्ह्यातले. पण तिथेही व्यंग हे रूपक आहे. आत्मज्ञानाला पारखा झालेला जीव त्यातून बोलतो. रूपक म्हणून त्याची ताकद मोठी आहे, ती मी नाकारत नाही. इतकेच नोंदवतो की सातशे वर्षांच्या परंपरेत आंधळा माणूस दृष्टान्तात वारंवार आला, वाचक म्हणून मात्र त्याची कल्पना कुणी केली नाही. हत्तीचा दृष्टान्त वर्गात चालू असताना पहिल्या बाकावर अंध विद्यार्थी बसलेला असेल तर काय होते, हे मी एकदा अनुभवले आहे. तो शांतपणे म्हणाला, 'सर, त्यांना हत्तीभोवती फिरायला वेळ दिला असता तर?' मी त्या दिवशी पुढे फारसे शिकवू शकलो नाही.

आता इतिहास. निजामाच्या राज्यात मराठवाड्यापुढे शाळेचा प्रश्न होता तो भाषेचा होता. १९१५ मध्ये औरंगाबादेत सरस्वती भुवन सुरू झाले, १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यम घेऊन उभे राहिले. मराठी घरातल्या मुलाला सरकारी शिक्षणात वर चढायचे तर परक्या भाषेची पायरी ओलांडावी लागे, आणि खासगी शाळा काढण्यावर निर्बंध होते. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून नावारूपास आले. कुणाला शाळेत येऊ द्यायचे हा प्रश्न भाषेकडून जातीकडे वळला. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. शरीर आणि इंद्रिये यांचा प्रश्न या मोठ्या लढ्यांच्या सावलीत राहिला, आणि त्याबद्दल त्या पिढीला दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. मुंबईची गोष्ट निराळी होती. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मूकबधिरांसाठी शाळा निघाली होती, १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंधांची शाळा काढली होती. पुण्याला अंधांची शाळा १९३४ मध्ये निघाली. या शाळा धर्मादाय वृत्तीतून आणि खासगी प्रयत्नांतून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे धोरण नव्हते. धोरणाचा पहिला उच्चार १९४४ च्या सार्जंट अहवालात आहे. अपंगांच्या शिक्षणाची तरतूद हा राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचा आवश्यक भाग असावा, असे त्यात म्हटले होते. पण तो अहवाल ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, औरंगाबाद त्याच्या हद्दीबाहेर होते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातली जी घटना मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कोणत्याही धोरणाच्या इतिहासात दोन ओळींपेक्षा जास्त जागा घेत नाही. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी, भारती ब्रेल, मान्य झाली. तोवर देशात अनेक परस्परविसंगत ब्रेल पद्धती चालत होत्या. भारती ब्रेलमध्ये मराठीचा 'क', बंगालीचा 'क' आणि तमिळचा 'क' एकाच टिंबांनी लिहिला जातो. भाषावार प्रांतरचनेच्या ऐन धामधुमीत अंधांची लिपी अशी एक झाली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. लिपिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचे आणखी एक वैशिष्ट्य पाहावे. देवनागरीत 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, उच्चारात मात्र नंतर. ब्रेलमध्ये आधी 'क' आणि मग 'इ' असे लिहितात, म्हणजे लिपी उच्चाराच्या मागोमाग जाते. 'किती' हा शब्द अंध मूल जसा ऐकते तसाच लिहिते. जोडाक्षरात उलट होते; तिथे हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधीच येते. आपल्या एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासात ब्रेलचा हा धडा का नसावा, हे मला कळलेले नाही.

कोठारी आयोग (१९६४-६६) हा पुढचा टप्पा. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे, आणि अहवालाच्या घडणीत त्यांचा वाटा फार मोठा होता. आयोगाने म्हटले की अपंगांचे शिक्षण केवळ भूतदयेच्या भूमिकेतून नव्हे, तर उपयुक्ततेच्या भूमिकेतूनही संघटित केले पाहिजे आणि ते सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेपासून अलग करता कामा नये. त्याच अहवालाने उद्दिष्ट मात्र अगदी बेताचे ठेवले : १९८६ पर्यंत अंध, मूकबधिर आणि हातापायाने अधू असलेल्या मुलांपैकी सुमारे १५ टक्के आणि मतिमंद मुलांपैकी ५ टक्के यांची सोय व्हावी. वीस वर्षांनंतरही पंच्याऐंशी टक्के मुले बाहेर राहणार, हे आकडे शांतपणे लिहिणारा अहवाल प्रामाणिक म्हणायचा की निर्दय, यावर मी विद्यार्थ्यांशी अनेकदा वाद घातला आहे. मला तो प्रामाणिक वाटतो. पुढच्या धोरणांनी शंभर टक्क्यांची भाषा केली आणि आकडे सांगणे बंद केले.

१९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने अपंग मुलांना नेहमीच्या शाळांत शिकता येईल असे एकात्मिक कार्यक्रम विकसित करण्याचे म्हटले. १९७४ मध्ये केंद्राची योजना आली. महाराष्ट्रात ती 'अपंग एकात्म शिक्षण योजना' म्हणून ओळखली गेली. ही योजना आधी केंद्राच्या समाजकल्याण मंत्रालयाकडे होती आणि १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे गेली. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो, पण सारा प्रश्न त्यातच आहे. अपंग मूल कल्याणाचा विषय आहे की शिक्षणाचा? केंद्राने एका योजनेपुरते उत्तर दिले. महाराष्ट्रात विशेष शाळा मात्र स्वयंसेवी संस्थांनी चालवायच्या, अनुदान समाजकल्याणाने द्यायचे आणि नेहमीच्या शाळा शिक्षण विभागाखाली ठेवायच्या, अशी व्यवस्था राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. देशातला असा पहिलाच विभाग म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते काही अंशी रास्तही आहे. पण 'कल्याण' हा शब्द तसाच राहिला. विशेष शाळेतला शिक्षक आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक एकाच गल्लीत राहत असतील, तरी त्यांच्या फायली वेगवेगळ्या इमारतींत जातात. एखादे मूल विशेष शाळेतून गावच्या शाळेत जाऊ लागले की ते एका खात्याच्या हिशेबातून निघून दुसऱ्या खात्याच्या हिशेबात जाते, आणि या प्रवासात ते हरवूही शकते.

१९८६ च्या धोरणाने एक वाक्य लिहिले, त्याचा परिणाम या शहराने प्रत्यक्ष पाहिला. हातापायाचे अपंगत्व आणि इतर सौम्य अपंगत्व असलेल्या मुलांनी शक्य तेथे इतरांबरोबर शिकावे. तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी शक्यतो जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहासह विशेष शाळा असाव्यात. जिल्ह्याचे ठिकाण, या दोन शब्दांचा अर्थ नकाशावर पाहावा. सोयगाव हा या जिल्ह्यातला तालुका अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे आहे, त्याचा व्यवहार अर्ध्याहून अधिक जळगावकडे. वैजापूर गोदावरीच्या अंगाने नगर-नाशिककडे वळलेले. कन्नड घाटाच्या तोंडाशी. या तालुक्यांतल्या सहा वर्षांच्या बहिऱ्या मुलीने शिकायचे असेल तर तिने घर सोडून औरंगाबादच्या वसतिगृहात यावे, असा त्या वाक्याचा अर्थ. मुलग्याला पाठवणारे आईबाप होते. मुलीला पाठवणारे कमी होते, हे वसतिगृहांत काम केलेल्या कुणीही सांगेल. जी आली त्यांना मात्र तिथे जे मिळाले ते नाकारता येणार नाही : आपल्यासारखी आणखी मुले, हातांची भाषा, ब्रेलची पाटी, आणि चिडवले न जाण्याची मोकळीक. समावेशाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी विशेष शाळांना सरसकट कोंडवाडे ठरवले, ते मला कधीच पटले नाही. खुणांची भाषा टिकली ती या वसतिगृहांच्या व्हरांड्यांत, आणि तीही अनेकदा वर्गातल्या शिक्षकांच्या नजरेआड; कारण वर्गात ओठ वाचण्याचा आणि बोलण्याचा आग्रह असे.

नव्वदच्या दशकात गती वाढली. १९८७ पासून एनसीईआरटी आणि युनिसेफ यांचा अपंग एकात्म शिक्षणाचा प्रकल्प देशाच्या निवडक भागांत सुरू झाला होता, त्यात महाराष्ट्र होता. १९९२ मध्ये पुनर्वास परिषदेचा कायदा झाला आणि विशेष शिक्षक कुणाला म्हणायचे ते ठरले. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका येथे ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी सर्व मुलांना सामावणाऱ्या शाळेचा जाहीरनामा मान्य केला. त्याच सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला आणि त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले जे पाच जिल्हे निवडले गेले ते सगळे मराठवाड्यातले होते : औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर, उस्मानाबाद. निवडीचा एक निकष स्त्रीसाक्षरतेचे अत्यल्प प्रमाण हा होता, त्यामुळे यात अभिमानाचे काही नव्हते. १९९७ मध्ये या कार्यक्रमात अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाचा घटक जोडला गेला. २००१ च्या सर्व शिक्षा अभियानाने तो देशभर नेला आणि 'कुणालाही नकार नाही' हे सूत्र दिले. त्यासाठी दर अपंग मुलामागे वर्षाला १२०० रुपयांपर्यंत तरतूद होती; पुढे ती ३००० झाली आणि २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत ३५००. दिवसाचा हिशेब वाचकांनी स्वतः करावा.

याच काळात 'एकात्म'ची जागा 'समावेशित' या शब्दाने घेतली. एकात्म शिक्षणात मूल शाळेच्या मापाचे झाले तर आत येते. समावेशक शिक्षणात शाळेने मुलाच्या मापाचे व्हायचे असते. हा भेद कोणत्याही बी.एड.च्या पुस्तकात सापडेल. पण महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत रूढ झाला तो 'समावेशक' नव्हे, 'समावेशित' शब्द. व्याकरणाच्या शिक्षकाला येथे थांबावेच लागेल. 'समावेशक' हे कर्त्याकडे बोट दाखवणारे विशेषण आहे; ज्याने सामावून घ्यायचे ती शाळा त्यात उभी आहे. 'समावेशित' हे कर्मणि धातुसाधित आहे. ज्याचा समावेश केला गेला, झाला, संपला. हजेरीपटावर नाव लागले की मूल समावेशित. ते वाचू लागले का, मधल्या सुट्टीत त्याच्याशी कुणी बोलते का, हे प्रश्न त्या प्रत्ययात बसत नाहीत. परिपत्रक लिहिणाऱ्याने हा विचार केला असेल असे नाही. भाषेने तो त्याच्या वतीने केला.

शाळांना भेट देणारे विशेष शिक्षक या अभियानात नेमले गेले, ते कंत्राटी पद्धतीने. एका तालुक्याला मोजकीच माणसे, कुणी दृष्टिदोषाचे प्रशिक्षण घेतलेले, कुणी मतिमंदत्वाचे, आणि समोर सर्व प्रकारची मुले. दृष्टिदोषाचा शिक्षक बहिऱ्या मुलाला काय शिकवणार? तरीही या लोकांनी दुचाकीवरून गावे पालथी घातली, शिबिरांत श्रवणयंत्रे आणि तीनचाकी वाटल्या, पालकांना समजावले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे प्रकरणात केंद्राने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून अधिसूचित करावे असे सांगितले, आणि २०२५ मध्ये राज्यांना पदे अधिसूचित करण्यास पुन्हा बजावले. पुन्हा बजावावे लागले, यावरून काय ते समजावे.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग बालकांना वंचित गटात स्पष्टपणे घेतले, आणि बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. गृहाधारित शिक्षण ही काही मुलांची खरी गरज आहे. पण चढता न येणारी पायरी, बसता न येणारे शौचालय आणि वेळ नसलेला शिक्षक असलेल्या शाळेलाही हा पर्याय सोयीचा असतो. पर्याय कुणी निवडला, मुलाने की शाळेने, हे फॉर्मवर दिसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने जवळची शाळा, विशेष शाळा आणि घर असे तिन्ही मार्ग खुले ठेवले आहेत. त्यामुळे हा प्रश्न मिटलेला नाही.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या किंवा निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखल्या. यांतल्या बऱ्याच लाभांसाठी चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. या शहरात ते म्हटले की लोक 'घाटी'चे नाव घेतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला इथे दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नाही. अर्ज आता ऑनलाइन होतो, पण शरीर घेऊन जावेच लागते. एकोणचाळीस आणि चाळीस या आकड्यांमधली रेघ किती आयुष्यांवरून गेली, याची कादंबरी कुणीतरी लिहायला हवी.

आता परीक्षेकडे आणि भाषेकडे. दहावीच्या परीक्षेत महाराष्ट्राने सवलती लवकर दिल्या. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी तर १९९६ मध्येच, म्हणजे केंद्रीय कायद्याने ती अक्षमता मान्य करण्याच्या वीस वर्षे आधी. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, खालच्या इयत्तेचे गणित, आणि एक भाषा सोडून तिच्या जागी कार्यशिक्षणासारखा विषय. त्या काळी अशी अक्षमता तपासून प्रमाणपत्र देणारी सार्वजनिक रुग्णालये मुंबईत होती, आणि तिचा लाभ प्रामुख्याने मुंबईच्या इंग्रजी शाळांना झाला यात नवल नाही.

लेखनिकाचा प्रश्न वरवर तांत्रिक आहे, पण मराठीच्या शिक्षकासाठी तो थेट वाङ्मयीन आहे. नियमानुसार लेखनिक खालच्या इयत्तेचा. दहावीतली मुलगी निबंध सांगते, नववीतला मुलगा लिहितो. तिची वाक्ये लांब असली तर तो मध्येच तोडतो. ती 'निःशब्द' म्हणते, तो 'निशब्द' लिहितो. उत्तरपत्रिकेत जे उतरते ती दोघांची मराठी असते आणि गुण एकीला मिळतात. शिवाय २०१९ पासून दहावीची भाषेची प्रश्नपत्रिका कृतिपत्रिका झाली : आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा, ओघतक्ता तयार करा. हा बदल घोकंपट्टी मोडण्यासाठी होता आणि त्यामागचा हेतू चांगला होता. पण तो सबंध डोळ्यांसाठी कल्पिलेला आहे. मधोमध एक वर्तुळ, त्यातून चार बाण निघालेले, हे लेखनिकाने वाचून दाखवायचे म्हणजे काय वाचायचे? २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान वीस मिनिटे जादा दिली. २०२१ मध्ये विकासकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चाळीस टक्क्यांच्या रेघेबाहेरच्या उमेदवारालाही लेखनिक नाकारता येणार नाही असे सांगितले. वेळ वाढला, माणूस मिळाला, प्रश्न मात्र बाणांचाच राहिला.

आणि भाषेतून सूट. एकच सवलत शहराच्या तीन भागांत तीन अर्थ धारण करते. सिडकोतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सूट मिळते ती बहुधा मराठीला किंवा हिंदीला. मूल आजीशी ज्या भाषेत बोलते ती भाषा त्याच्या दप्तरातून निघून जाते. तालुक्याच्या मराठी शाळेत ते इंग्रजी सोडते आणि बारावीनंतर प्रत्येक दार त्याला इंग्रजीत बंद झालेले आढळते. जुन्या शहरातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी सोडली तर राज्याच्या कचेरीत बोलायची भाषा गेली, इंग्रजी सोडली तर महाविद्यालयाची गेली. निजामाच्या राज्यात ज्या शहराने माध्यमाच्या प्रश्नावर एवढा संघर्ष पाहिला, तिथे भाषा सोडणे ही सवलत म्हणून स्वीकारली जाते, आणि स्वीकारणाऱ्या आईला दोष देता येत नाही. तिला मूल दहावी पास झालेले पाहायचे असते. २०२० मध्ये राज्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला तेव्हा मराठीच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले. त्या लेखनात अपंग मुलाचा उल्लेख मला क्वचितच दिसला. मराठी सर्वांची, असे आपण म्हणतो तेव्हा 'सर्व' कोण असतात?

अंध मुलाला सूट नको असते, पुस्तक हवे असते. बहिऱ्या मुलाचे गणित आणखी अवघड आहे. त्याच्यासाठी मराठी ही पहिली भाषा नाहीच; विभक्तिप्रत्यय आणि लिंगवचनाचे बदल कानावर न पडता कागदावरून शिकायचे आहेत. त्याची पहिली भाषा हातांची. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत स्वतंत्र संशोधन केंद्र निघाले ते २०१५ मध्ये. २०१८ मध्ये तिचा ३००० शब्दांचा कोश झाला, २०२१ पर्यंत तो १०,००० वर गेला. २०२० च्या धोरणाने देशभर तिचे प्रमाणीकरण करण्याचे म्हटले आहे, स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखून. प्रमाणभाषा आणि बोली यांचा हा वाद आपल्याला तरी ओळखीचा असावा. ज्याला आधी हातांची भाषा भरपूर मिळाली तो मराठी दुसरी भाषा म्हणून शिकू शकतो. ज्याला ती मिळाली नाही त्याला भाषेतून सूट देणे म्हणजे आधीच्या चुकीवर शिक्का मारणे होय.

पुस्तकांबाबत गेल्या दोन दशकांत खरी प्रगती झाली आहे. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात अपंगांसाठी सुलभ प्रती काढण्याची मुभा आली. २०१४ मध्ये माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. संगणकाचे वाचक-सॉफ्टवेअर आता मराठी वाचते. अडथळा उरला तो वेगळाच. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली बरीचशी मराठी पुस्तके युनिकोडपूर्व टंकांत जुळवली गेली. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत रोमन चिन्हांची खिचडी असते. वाचक-सॉफ्टवेअर ती फाईल उघडते आणि अर्थहीन अक्षरे बडबडू लागते. माझ्या वर्गातल्या त्याच विद्यार्थ्याला मी एका समीक्षाग्रंथाची मोठ्या खटपटीने मिळवलेली फाईल दिली होती. दुसऱ्या दिवशी त्याने ती मला ऐकवली. आम्ही दोघेही हसलो आणि मग त्याच्या मित्राने तो ग्रंथ तीन आठवडे बसून मोठ्याने वाचला, त्याने तो फोनवर ध्वनिमुद्रित केला. विद्यापीठाच्या नियतपुस्तकांची यादी करताना अभ्यासमंडळाने प्रकाशकाकडून युनिकोड प्रत मागावी, यासाठी कोणत्याही नव्या धोरणाची गरज नाही. अभ्यासमंडळावर आपणच असतो.

ते ध्वनिमुद्रण अजून माझ्याकडे आहे. त्यात मधूनमधून पंख्याचा आवाज येतो, एकदा कुणीतरी चहाला हाक मारते, आणि अकराव्या प्रकरणात वाचणारा एका शब्दाला अडखळून विचारतो, 'हे कसं वाचायचं रे?' ऐकणारा त्याला सांगतो.